पहिल्या जागेवरचा पाहुणा

मात्सुए
१२ एप्रिल

प्रिय इत्सुकोताई,

नमस्कार. पत्राची सुरुवात हवेच्या चौकशीनं करायची आपली रीत आहे, म्हणून ती आधी उरकते. किल्ल्यावरची साकुराची फुलं गळून खंदकात पडली आहेत, पाणी गुलाबी झालंय आणि बदकं वैतागली आहेत. तिकडे उत्तर टोकाला, तुमच्या कुशिरोला, अजून बर्फ असेल. गुडघे जप. झाली हवा.

आता बस, आणि बसली असशील तर नीट बस. आई चहाची बैठक करणार आहे!

हो, आपलीच आई. अकरा वर्षं जिनं चार माणसांपुढे चहा घुसळायची रवी हातात धरली नाही, तीच. काल दहाच्या चहाला मी तिच्यासमोर बसले होते. तिनं वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "मेच्या अठराला रविवार आहे ना?"

"आहे."

"मग त्या दिवशी बैठक. वीस पाहुणे."

"आई, तुला पंच्याऐंशी पूर्ण होतायत."

"म्हणूनच. शंभरीला करू म्हणतेस?"

"अगं, पण वीस माणसं आणू कुठून? तुझ्या जुन्या विद्यार्थिनींपैकी टाचांवर बसू शकतील अशा सहाच उरल्यात. बाकीच्यांच्या गुडघ्यांत डॉक्टरांनी लोखंड घातलंय."

"मग उरलेले चौदा तुझ्या सर्कशीतून आण."

'सर्कस' म्हणजे माझं चहाघर. नऊ वर्षं झाली मी ते खंदकाकाठी चालवतेय, घरापासून चालत सात मिनिटांवर, आणि नऊ वर्षांत आईनं तिथं पाऊल टाकलेलं नाही. बाजारात जायला तो रस्ता जवळचा, तर ती पुलावरून लांबचा वळसा घेऊन जाते. आणि आता माझे पाहुणे तिच्या बैठकीला! मी तर कालपासून जमिनीवर नाही.

माझ्या पाहुण्यांबद्दल तुला कोणी काय काय सांगितलं असेल याची मला कल्पना आहे. बरंचसं खरं आहे. पंचेचाळीस मिनिटांत मी माणसाला किमोनो नेसवते, मिठाई खायला घालते, चहा घुसळायला लावते आणि होडीत बसवून किल्ल्याकडे रवाना करते. खुर्च्या आहेत. तोंड वाकडं करू नकोस, खुर्च्या आहेतच. रोज किमान दोघं जण किमोनोची उजवी बाजू वर घेऊन येतात, म्हणजे प्रेताला नेसवतात तशी. मी हसतमुखानं त्यांना पुन्हा जिवंत करते. परवा तोक्योच्या एका तरुणानं वाटीतला चहा एका घोटात संपवला आणि विचारलं, "याचं मोठं माप नाही का?" पण ताई, त्याच तरुणानं जाताना दारात उभं राहून पाच मिनिटं खंदकाकडे पाहिलं. गावातला एक तरी माणूस खंदकाकडे पाहतो का? आपण त्यात फक्त छत्र्या पाडतो.

तर मुद्द्याचं. मी आईला विचारलं, "चहा कोण करणार?" त्यावर ती म्हणाली, "इत्सुको."

जणू तू कोपऱ्यावर तोफू आणायला गेली आहेस आणि येशीलच पाच मिनिटांत. त्या बैठकीतच तिला आपल्या घराची चहा शिकवायची गादी पुढे कोणाकडे जाणार ते सगळ्यांदेखत जाहीर करायचं आहे. तसा कागद ती स्वतः ब्रशनं लिहिणार आहे. त्यावर तुझं नाव असेल. तिनं तुझा चहाची भांडी पुसायचा रेशमी रुमाल पेटीतून काढून धुतला आणि सावलीत वाळत घातलाय. मी बघितला. रंग थोडा उतरलाय, बाकी जसाच्या तसा.

तेव्हा ये. तुझ्या शाळेच्या ग्रंथालयाला चार दिवस कुलूप लागलं तर कुशिरोची पोरं अडाणी राहणार नाहीत. आणि अकरा वर्षांपूर्वीच्या त्या गोष्टीबद्दल तू अजूनही काही मनात ठेवलं असशील, तर सोडून दे. असं कोणाच्याही हातून होतं. कोणाला आठवतंय आता?

कळव लवकर. मी पाहुण्यांची यादी करायला घेतली आहे आणि मला झोप येत नाहीये, आनंदानं.

तुझी,
मासुमी

--

मात्सुए
४ मे

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. "हात गेला. तू कर. शेवाळाची पेटी आईला." सात शब्द. नववर्षाची छापील कार्डं सोडली तर अकरा वर्षांतले हे पहिले सात. मी ते कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं, मागे फक्त क्रौंच पक्ष्याचं चित्र होतं. तोही एका पायावर उभा राहून दुसरीकडेच बघत होता.

तुमच्याकडचं समुद्री शेवाळ पोचलं. आई सार करून पितेय आणि "इत्सुकोनं पाठवलं" असं भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगतेय.

चहाचा हात असा जात नसतो, ताई. पण ते पुढे. आधी बातमी ऐक, कारण ती पोटात ठेवली तर मी फुटेन. आई माझ्या चहाघरात आली!

सरळ आली असती तर ती आई कसली. ती आली होडीतून, परगावच्या पाहुण्यासारखी, डोक्याला रुमाल बांधून. होडी चालवतात ते मोरिवाकी तुला आठवतात ना, नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या खिडकीवर बसायचे ते? निवृत्त झाल्यापासून होडी हाकतात आणि गाणी म्हणतात. गावात कोण जन्मलं आणि कोण गेलं हे त्यांना अजून पाठ आहे, त्यामुळे पाहुण्यांना किल्ल्याच्या माहितीबरोबर आपल्या गल्लीचीही माहिती मिळते. ठेंगण्या पुलाखालून जाताना होडीचं छप्पर खाली येतं आणि आत सगळ्यांना आडवं व्हावं लागतं, हे तुला माहीत आहे. आईला ते माहीत होतं, पण आपल्याला लागू नाही असं तिला वाटत होतं.

"मोठ्या बाई, वाका," मोरिवाकी म्हणाले.

"मी वाकले आहे."

"ते नमस्काराचं वाकणं झालं. हे पुलाचं आहे. अजून वाका."

"या पुलाला सांगा, याची डागडुजी झाली तेव्हा याच्यावरून पहिली पालखी माझ्या आजोबांची गेली होती."

"सांगतो, पण तो बहिरा आहे. वाका!"

मग मोठ्या बाई होडीच्या तळाशी नागोयाच्या एका नवविवाहित जोडप्याच्या मधोमध आडव्या झाल्या, आणि पुलाखालून बाहेर आल्या तेव्हा हसत होत्या. हे मला मोरिवाकींनी सांगितलं, आणि त्यांना खोटं बोलायचं असतं तर त्यांनी ती हसत होती असं सांगितलंच नसतं, कोण विश्वास ठेवणार?

तशीच ती माझ्याकडे आली आणि मागच्या खुर्चीवर बसली. खुर्चीवर! मी पाहुण्यांना वाटी दोनदा फिरवायला शिकवत होते. कोणीतरी विचारलं, "का फिरवायची?" मी माझा नेहमीचा विनोद केला, की असं केल्यानं चहा जास्त वेळ टिकतो. मागून आवाज आला, "खोटं!"

सगळ्यांनी माना वळवल्या. आई उभी राहिली होती. "वाटीची सुंदर बाजू यजमानानं तुमच्याकडे केलेली असते. तिलाच ओठ लावू नयेत, म्हणून फिरवायची. स्वतःला थोडं बाजूला घ्यायचं. एवढंच." आणि तिनं समोरच्याची वाटी हातात घेऊन दाखवलं. ताई, मी पन्नास वर्षं हे पाहतेय आणि तरी माझ्या अंगावर काटा आला. बारा पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. चहाच्या खोलीत टाळ्या! मला वाटलं आता भूकंप होणार. आईनं कान टवकारले, मग एकदा वाकून टाळ्या स्वीकारल्या.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, "सकाळचा खेळ कितीचा?" आता कोणी "बाई, एक फोटो?" म्हटलं की ती विचारते, "बसून हवा की उभ्यानं?" नऊ वर्षांचा वळसा तिनं चार दिवसांत भरून काढला. मी इतकी खूश आहे की मला स्वतःचा संशय येतो.

आता दुसरी गोष्ट. परवा आम्ही दोघी चालत घरी येत होतो. चौकात लाल दिव्यापाशी उभ्या होतो. आई पुढे बघत म्हणाली, "त्या दिवशी इत्सुकोनं चहाची डबी भरली नव्हती, त्याचं मला काही नाही. माणूस विसरतो. क्योतोचे गुरुजी समोर बसलेले, चाळीस माणसं, मीही विसरले असते. पण माझ्याशी एक शब्द न बोलता ती निघून गेली. मी तिला असं काय केलं होतं, मासुमी?"

मी म्हटलं, "आई, ते तसं..."

आणि दिवा हिरवा झाला. दिवा हिरवा झाला की रस्ता ओलांडायचा असतो. आम्ही ओलांडला. पलीकडे गेल्यावर तो विषय अलीकडेच राहून गेला.

त्या दिवशी मागच्या खोलीत मी होते, हे तुला आठवत असेलच. पाणी, कोळसे, वाट्या, सगळं माझ्याकडे होतं. सगळं म्हणजे सगळंच.

असो. तू आली नाहीस तर काय, ते आईनं काल ठरवलं. चहा मी करायचा आणि कागदावर नाव माझं. रुमाल ती घडी घालून परत पेटीत ठेवणार आणि पेटी देवळात देऊन टाकणार. "जिला नकोय तिच्यासाठी किती दिवस वाळत घालू?" म्हणाली. योनेदाबाईंनी, म्हणजे त्या सहांमधल्या सगळ्यात ज्येष्ठ आणि सगळ्यात तिखट, मला आत्तापासून "धाकट्या बाई" म्हणायला सुरुवात केली आहे. लहान असताना मला हे किती हवं होतं, ते तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. आता त्या मला तशी हाक मारतात तेव्हा मी मागे वळून पाहते, कोणी दुसरं उभं आहे का.

म्हणून सांगते, ये. तू आलीस, बसलीस, एक वाटी चहा केलास की सगळं आपोआप मिटेल. कोणालाच काही बोलावं लागणार नाही. आपल्या घराला ते उत्तम जमतं.

वाट पाहते. अगदी खरंच पाहते.

मासुमी

--

मात्सुए
२० मे

ताई,

हवा मरू दे.

बैठक झाली. तू नव्हतीस आणि तरी सगळी बैठक तुझ्यावरच झाली. मी सरळ सुरुवातीपासून सांगते, नाहीतर माझं शेवट आधी आणि सुरुवात कधीच नाही असं होईल. शाळेची घंटा वाजल्यावर दप्तर घेऊन पळत सुटावं, तसं मला झालंय.

सकाळी दहाला पाहुणे बाहेरच्या खोलीत जमले. सहा जुन्या, चौदा नवे. मी आत चुलीपाशी. चहाची डबी मी सात वेळा उघडून पाहिली होती. भरलेली होती. आई माझ्या डाव्या हाताला कोपऱ्यात, बाहीत तो कागद.

मग सुरू झाला पहिल्या जागेचा तमाशा. तुला आठवतं ना? मोठ्या बैठकीत खांबाजवळच्या पहिल्या जागेवर कोणी बसायचं, यावर आपल्या बायका एकमेकींना पुढे ढकलत राहतात, कारण त्या जागेवरून सगळ्यांच्या वतीनं यजमानाशी बोलावं लागतं, आणि आपण त्या योग्यतेच्या आहोत असं स्वतःच मानणं म्हणजे आपल्या गावात निवडणुकीला उभं राहण्यापेक्षा निर्लज्जपणा. मला दाराआडून सगळं ऐकू येत होतं.

"योनेदाबाई, तुम्ही."

"छे गं, मी कसली! मला कालचं जेवण आठवत नाही."

"पण मान तुमचाच."

"मान वयाला नसतो, जाणकारीला असतो. तू हो पुढे."

"अगंबाई! मी तर दाराजवळच बसणार, मला मध्येच उठावं लागतं."

एकवीस मिनिटं, ताई. किटलीतलं पाणी उकळून, निवून, पुन्हा उकळलं. चौदा पाहुणे मागे व्हरांड्यात पांढरे मोजे घालून रांगेत उभे. त्यात ओसाकाचे एक बेक्कु म्हणून गृहस्थ होते, साठीचे, बटणांचा कारखाना आहे त्यांचा. नव्या मोज्यांवर दुकानाचं लेबल तसंच. ते मान उंचावून म्हणाले, "काय झालं? रांग का अडली? जागा तर मोकळी दिसतेय!"

आणि सहा बायकांच्या मधून वाट काढत, "जरा सरका हं मावशी" म्हणत, सरळ जाऊन खांबाजवळच्या पहिल्या जागेवर बसले. मांडी घालून.

सहा जणींची तोंडं तू बघायला हवी होतीस. उठवावं तर पाहुण्याचा अपमान, बसू द्यावं तर चहाचा. योनेदाबाईंनी दोन्ही अपमान गिळले आणि दुसऱ्या जागेवर जाऊन बसल्या. मग त्यांच्या कानात कुजबुजायला लागल्या, "अहो, त्या जागेवर बसलात तर आता तुम्हालाच बोलावं लागेल. आमच्या सगळ्यांच्या वतीनं तुम्हीच यजमानाला विचारायचं. बाकी कोणी बोलायचं नसतं."

"मीच? वा! घरी मला कोणी बोलू देत नाही."

मी दार सरकवून आत गेले, बसले, वाकले. पहिली वाटी केली. कुजबुज चालूच.

"विचारा, भिंतीवरचं अक्षर कोणाचं."

"भिंतीवरचं अक्षर कोणाचं?"

"आमच्या देवळातल्या आधीच्या भिक्षूंचं," मी म्हटलं.

"मिठाईबद्दल विचारा."

"मिठाई कुठली? फार छान होती. पण एकेकच का?"

मागे कोणीतरी हसू गिळलं. आईच्या तोंडाचा कोपरा हलला. मी म्हटलं, आज सगळं निभावतंय. डबी भरलेली आहे, पाहुणे खूश आहेत, अजून दहा मिनिटांत आई बाहीतून कागद काढेल, मी वाकेन, आणि झालं.

"आता चमचीबद्दल विचारा," योनेदाबाई म्हणाल्या.

"चमची राहू द्या हो," बेक्कु म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "मला एक खरोखरचं विचारायचंय. सकाळी होडीवाला म्हणत होता, मोठ्या बाईंना दोन मुली, आणि थोरलीच्या हाताचा चहा म्हणजे गावात तोड नाही. मग आज थोरली कुठंय?"

योनेदाबाई कुजबुजल्या, पण ती कुजबुज शेवटच्या जागेपर्यंत गेली, "अहो, हे विचारायचं नसतं!"

"का बरं? मीच विचारायचं म्हणालात ना?"

आणि ताई, तो बरोबर होता. त्या जागेवरच्या पाहुण्यानं विचारलं की यजमानानं उत्तर द्यायचंच असतं. खोटं द्यायचं नसतं, हे तर आईनंच शिकवलंय. अकरा वर्षं आपल्या गावातल्या सभ्य माणसांनी मला तुझ्याबद्दल एक प्रश्न केला नाही. नजरेनं केला, सुस्काऱ्यानं केला, "थोरली बरी आहे ना?" असं विचारून उत्तराआधी निघून गेली. तोंडानं विचारायला ओसाकाहून बटणवाला यावा लागला.

मी म्हटलं, "ती कुशिरोला असते."

"एवढ्या लांब? का गेली?"

माझ्या हातात पाण्याचा डाव होता. तो मी किटलीवर ठेवला, आणि तो कसा ठेवायचा ते मला त्या क्षणी आठवेना, म्हणून कसाही ठेवला.

"माझ्यामुळे," मी म्हटलं. "अकरा वर्षांपूर्वी याच खोलीत तिची बैठक होती. तिनं डबी उघडली तर आत चहा नव्हता. डबी भरायचं काम माझं होतं. मी भरली नव्हती. तिनं सगळ्यांसमोर 'माझी चूक झाली' म्हटलं. मी दाराआड ऐकत होते. मी गप्प बसले. अजूनपर्यंत."

बेक्कुंनी मांडी मोडली आणि हळूच टाचांवर बसले, आपण होऊन. मग म्हणाले, "मला माहीत नव्हतं हो."

मी म्हटलं, "कोणालाच नव्हतं."

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. बाहीतून थोडा बाहेर आलेला कागद तिनं बोटानं आत ढकलला. "पाहुण्यांचा चहा गार होतोय," ती म्हणाली. "दे."

मी वीस वाट्या दिल्या. कशा, ते विचारू नकोस. जाताना नागोयाच्या एका बाईंनी डोळे पुसत माझा हात धरला आणि विचारलं, "हे दर रविवारी असतं का?"

मी हसले, ताई. मला हसू आवरेना. योनेदाबाई चपला घालत होत्या, त्यांनीही तोंडाला बाही लावली. मग माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "मी तेव्हा तिसऱ्या जागेवर होते. मला तेव्हाच वाटलं होतं, की इत्सुको असली चूक करणारी नाही. विचारायला हवं होतं. पण कसं विचारणार?" आणि प्रथमच मला नुसतं "मासुमी" म्हणाल्या.

आई त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दहाला मी नेहमीसारखी तिच्यासाठी चहा घेऊन गेले, तर तिनं वाटी माझ्याकडे परत सरकवली. मारलं असतं तर परवडलं असतं. मग ती म्हणाली, "मी तिला विचारलं असतं, तर तिनं सांगितलं असतं?"

"नाही."

"तुला विचारलं असतं तर?"

मी विचार केला. "नाही."

"मग मी कोणाला विचारायला हवं होतं?"

"ओसाकाच्या माणसाला."

तिला हसू आलं आणि ते आल्याचा तिला भयंकर राग आला. तिनं टेबलावर हात आपटला. वाटी उडाली. "अकरा वर्षं!" ती म्हणाली. "मी माझ्या मुलीला विसराळू समजत होते. अकरा वर्षं नवल करत राहिले, की माझी मुलगी एवढ्याशा लाजेनं पळाली. आणि तू माझ्यासमोर बसून रोज दहा आणि तीनचा चहा पीत होतीस!" मग ती रडली. मी तिला रडताना बाबा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं.

आता जे मी बैठकीतही बोलले नाही आणि आईलाही सांगितलं नाही ते. हे फक्त तुला.

मी विसरले नव्हते. म्हणजे आधी विसरले, दाराच्या फटीतून क्योतोच्या गुरुजींना बघण्याच्या नादात. पण तू आत पाऊल टाकलंस आणि तुझ्या तिसऱ्या पावलाला मला आठवलं. तेव्हा वेळ होता. भरलेली दुसरी डबी घेऊन मी दार सरकवू शकले असते, मदतनिसानं असं केलं तर कोणी वाईट म्हणत नाही. मी उठले नाही. मला बघायचं होतं, तुझं काय होतं ते. लहानपणापासून सगळे म्हणायचे, हात इत्सुकोचा, मासुमी मागे वाट्या धुवायला बरी. एक श्वास एवढा वेळ मला बरं वाटलं, ताई. मग तू रिकामी डबी घेऊन मागच्या खोलीत आलीस आणि माझ्याकडे पाहिलंस. तुला त्याच क्षणी सगळं कळलं होतं. मी किटलीकडे पाहिलं. तू डबी भरलीस, परत गेलीस, आणि तुझा हात एकदाही हलला नाही. त्या दिवसाचा चहा सगळ्यात चांगला झाला होता म्हणे. मला कोणी दिला नाही, आणि मी मागितला नाही.

तुझा हात गेलेला नाही. मी तो तुझ्यापासून घेतला, आणि माझ्या काही उपयोगी पडला नाही.

आता पुढचं. सात जूनला, शनिवारी, आई तुझ्याकडे येतेय. इझुमोहून तोक्यो, तिथून कुशिरो. धुकं असलं तर विमान अर्ध्या वाटेवरून परत फिरतं असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, मग परत बसू. प्रवासात नेतात ती लहान चहापेटी तिनं बांधून ठेवली आहे. तुला 'चहा कर' असं ती सांगणार नाही. मागणार आहे. कागदही आणतेय, नावाची जागा कोरी ठेवून. तू नको म्हणालीस तर आपल्या घराची गादी तिथंच संपली, असं तिनं योनेदाबाईंना सांगितलंय, आणि मलाही. मला ते मान्य आहे. मी माझ्या खुर्च्यांवर खूश आहे, खरंच खूश आहे. काल एका लहान मुलीनं चहा घुसळताना फेस छतापर्यंत उडवला, आणि मी तिला दुसरी वाटी दिली.

तिला एकटीला विमानात पाठवता येत नाही, म्हणून मी सोबत येणार. मी आईला विचारलं, "तुला वर पोचवून मी काय करू?" ती म्हणाली, "ते इत्सुको ठरवेल. तिला विचार."

म्हणून विचारते. मी खाली रस्त्यावर उभी राहीन, तुझ्या इमारतीसमोर. आधी मनात आलं, तुला लिहावं की यायला सांगायचं असेल तर खिडकीचा पडदा बाजूला कर. पण तुमच्याकडे जूनमध्ये धुकं असतं, पडदा दिसायचा नाही. आणि दिसला तरी तो मला नको आहे. आपल्या घरात सगळं पडद्यांनी, नजरांनी आणि दूर सरकवलेल्या वाट्यांनी बोललं गेलं, आणि त्यात आपली अकरा वर्षं गेली. तू खिडकी उघड आणि तोंडानं हाक मार. "ये" म्हण. आणि "जा" म्हणायचं असेल तर तेही मोठ्यानं म्हण, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकं. दोन्हीपैकी जे म्हणशील ते मी ऐकेन.

सात तारखेला, दुपारी अडीचच्या सुमारास, तुझ्या खिडकीखाली,
मासुमी